लाँग गेममधला (लांबच्या फटक्यांतला) गॅप भरायला क्लब घेताय? आधी मोजा, मग मागवा

बडोद्यात गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. न्यू जर्सीचा भाचा डिसेंबरात येणार हे कळलं की त्याला मेसेज जातो, "एक थ्री हायब्रिड घेऊन ये रे." (आयर्न म्हणजे पातळ डोक्याचे क्लब, वूड म्हणजे मोठ्या गोलसर डोक्याचे, हायब्रिड त्या दोन्हींच्या मधला.) क्लब येतो, दोन राउंड छान वाटतो, मग कळतं की तो आणि जुना फोर आयर्न एकाच जागी बॉल टाकतायत आणि १७५ यार्डाला हातात अजूनही काही नाही. क्लब वाईट नसतो, क्रम उलटा असतो. आधी घेतला आणि मग त्याला बॅगेत जागा शोधली.

खरा क्रम असा: बॅगेतल्या प्रत्येक क्लबचा लॉफ्ट (तोंड किती मागे झुकलंय तो कोन), मग प्रत्येकाची कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर), मग गॅप (दोन क्लबांच्या कॅरीमधलं रिकामं अंतर), मग त्या गॅपमध्ये क्लबकडून काय काम हवंय, मग प्रकार, मग नव्या क्लबचा लॉफ्ट, मग शाफ्ट (दांडा), आणि पैसे सगळ्यात शेवटी. मधली एक पायरी गाळली तरी पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

## तयारी: काय जवळ ठेवायचं

वही-पेन किंवा फोनमधली शीट. लेझर रेंजफाइंडर, स्वतःचा नसेल तर ग्रुपमधल्या कोणाचा तरी. तुम्ही मॅचला खेळता त्याच मॉडेलचे डझनभर बॉल, जुने चालतील पण तळ्यातून काढलेले नकोत. फेसवर कुठे लागतंय ते बघायला पायाच्या पावडरचा स्प्रे, क्लबच्या तोंडावर हलका मारला की बॉलचा ठसा स्पष्ट दिसतो. लाँच मॉनिटर (बॉल किती आणि कसा गेला ते मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम, नसला तरी काम होतं, कसं ते खाली सांगतो.

आणि घाई नको. हे एका रविवारी सकाळी उरकायचं काम नाही.

## टप्पा १: क्लबवरचा नंबर विसरा, लॉफ्ट लिहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून जरा थांबून सांगतो. सोलवर (क्लबच्या तळावर) लिहिलेला ७ किंवा ४ हे काही माप नाही, ते कंपनीने दिलेलं नाव आहे. जुन्या ब्लेड सेटमध्ये सेव्हन आयर्न ३४-३५ डिग्रीचा असायचा, आजच्या गेम इम्प्रूव्हमेंट (चूक झाली तरी सांभाळून घेणाऱ्या) सेटमध्ये तोच सेव्हन २८ ते ३० डिग्रीचा मिळतो, म्हणजे जवळजवळ जुना फाइव्ह. पिचिंग वेजही (जवळच्या शॉटचा क्लब) ४८ वरून ४३-४४ ला आलाय. त्यामुळे "माझ्या फोर आयर्नच्या जागी फोर हायब्रिड" हे गणित तुमचा सेट कुठल्या काळातला आहे यावर अवलंबून आहे. नव्या सेटचा फोर आयर्न २० डिग्रीच्या आसपास असेल आणि फोर हायब्रिड २२-२३ चा, तर नवा क्लब वरचा गॅप भरायच्या ऐवजी खाली फाइव्ह आयर्नला जाऊन चिकटेल.

कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं स्पेसिफिकेशन सापडतं. प्रत्येक क्लबसमोर तीन आकडे लिहा: लॉफ्ट, लांबी, शाफ्टचं वजन. सेकंडहँड सेट असेल तर लॉफ्ट मशीनवर मोजून घ्या. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न रेंजवरच्या नकली गवताच्या मॅटवर मारून मारून डिग्री-दोन डिग्री हलतात, आणि दोन आयर्न एकमेकांकडे सरकले तर तो गॅप नवीन क्लबने भरायचा नसतो, लॉफ्ट वाकवून सरळ करायचा असतो. ते काम क्लबच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त आहे.

तपासा: शेजारच्या दोन आयर्नमध्ये ३ ते ४ डिग्रीचा फरक आहे ना? एखाद्या जोडीत २ आणि पुढच्या जोडीत ६ असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या आणि मगच टप्पा २.

## टप्पा २: कॅरी मोजा, एकूण अंतर नाही

कॅरी म्हणजे बॉल हवेतून जिथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर. त्यानंतर तो किती पळतो ते त्या दिवसाच्या जमिनीचं. मे महिन्यात आपल्याकडचा फेअरवे (होलकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) असा कडक होतो की अर्धवट लागलेला थ्री वूडही वीस-तीस यार्ड पळतो आणि माणूस खूश होऊन ते अंतर स्वतःच्या नावावर लिहून ठेवतो. ऑगस्टमध्ये तोच बॉल पडला की तिथेच रुततो. मग "पावसाळ्यात हवा जड असते ना" असं म्हणतात, जे चुकीचं आहे, दमट हवा उलट किंचित हलकी असते. अंतर खाल्लं ते ओल्या जमिनीने.

लाँच मॉनिटर असेल तर रोल, टोटल वगैरे कॉलमकडे बघायचंच नाही, फक्त कॅरी. नसेल तर पावसाळ्याचाच फायदा घ्या. जमीन मऊ असताना मोकळ्या वेळी, मागे कोणी नसताना, कोर्सवाल्यांची परवानगी घेऊन एका जागेवरून मारा, बॉलच्या जवळच त्याने पाडलेला खड्डा सापडतो, त्या खड्ड्यापाशी उभं राहून रेंजफाइंडरने मागे बॅगेकडे मोजा. हीच तुमची कॅरी. खड्डा बुजवायला विसरू नका.

मारण्याचा क्रमही महत्त्वाचा. वॉर्मअप करून सेव्हन आयर्नपासून सुरू करा आणि एकेक वर जा, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) शेवटी. आधी ड्रायव्हर घेतला की अंगात जोर शिरतो आणि पुढचा प्रत्येक आकडा फुगतो. प्रत्येक क्लबने आठ-दहा बॉल. टॉप झालेले (बॉलच्या डोक्यावर लागलेले), साफ फसलेले सोडा, पण अधूनमधून लागणारा "आहाहा" शॉटही सोडा. उरलेले लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा आणि मधला आकडा धरा. सरासरीपेक्षा मधला बरा, कारण एक वेडावाकडा बॉल सरासरी बिघडवतो, मधल्या आकड्याला फारसा हात लावत नाही.

इशारा: रेंज बॉलवर (प्रॅक्टिस रेंजवर बादलीत मिळतात ते) विश्वास ठेवू नका. ते बहुतेक वेळा कमी जातात आणि बादलीतला एक नवा तर एक टक्कल पडलेला. रेंजवरच मोजायचं असेल तर सगळे क्लब एकाच दिवशी मोजा, म्हणजे अंतरं खरी नसली तरी क्लबांमधला फरक बऱ्यापैकी खरा येतो.

इशारा: जानेवारीची सकाळ आणि मेची दुपार यांत लांब क्लबला पाच-सात यार्डांचा फरक सहज पडतो, गरम हवेत बॉल जास्त जातो. अर्धे क्लब थंडीत आणि अर्धे उन्हाळ्यात मोजले तर नसलेला गॅप दिसेल.

## टप्पा ३: गॅप खरंच आहे का, की गर्दी आहे?

आता आकडे खाली-वर मांडा. समजा कोणाचं असं आलं:

ड्रायव्हर: २१०
थ्री वूड: १९०
फोर आयर्न: १५७
फाइव्ह आयर्न: १५५
सिक्स आयर्न: १४८
सेव्हन आयर्न: १३८

बघणारा म्हणतो, थ्री वूड आणि फोर आयर्नमध्ये ३३ यार्डांचा खड्डा. खरंय. पण त्याच्या खाली बघा, फोर आणि फाइव्ह आयर्न दोन यार्डांच्या अंतरात बसलेत आणि सिक्सपासूनच फरक आवळत आलाय. कारण साधं आहे: लॉफ्ट कमी झाला की बॉलला वर ठेवायला वेग लागतो, तो वेग स्विंगमध्ये नसेल तर कमी लॉफ्टचा बॉल खालून जातो आणि लवकर पडतो. अशा माणसाने अजून एक लांब आयर्न घेतला तर त्याच १५७ वर तिसरा भिडू येऊन बसेल. त्याला १७२-१७५ ची कॅरी देणारा, उंच उडणारा एक क्लब हवाय, आणि फोर आयर्न घरी ठेवायचाय. हे दोन निर्णय एकत्रच घ्यायचे.

वरच्या टोकालाही हाच प्रकार होतो. ज्यांचा स्विंग हळू आहे त्यांचा १५ डिग्रीचा थ्री वूड आणि १८ चा फाइव्ह वूड जमिनीवरून मारला तर जवळपास सारखाच जातो, कधी फाइव्ह पुढे जातो. म्हणून थ्री वूड दोनदा मोजा, एकदा टीवरून (बॉल खुंटीवर ठेवून), एकदा गवतावरून. टीवरून १९० आणि गवतावरून १७५ असेल तर तुमचा गॅप कागदावर दिसतो त्यापेक्षा वेगळा आहे.

किती फरक चालतो? मधल्या आयर्नमध्ये १०-१२ यार्ड, लाँग गेममध्ये १५ ते १८ ठीक, ड्रायव्हर आणि त्याखालच्या क्लबमध्ये २० असले तरी झोप उडवून घेऊ नका.

तपासा: हे अंतर तुम्हाला खेळताना लागतं का? आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातला कोर्स पूर्ण १८ होलचा नाही आणि झाडांमुळे तिथे नुसत्या लांबीपेक्षा सरळ जाण्याला किंमत जास्त. पुढचे काही राउंड स्कोअरकार्डवर प्रत्येक होलला १४० यार्डांपेक्षा जास्त अंतर उरलं तर ते किती होतं ते बाजूला टिपून ठेवा. त्या आकड्यांत गॅपवालं अंतर क्वचितच दिसत असेल तर पैसे वेजवर घाला, मी तरी तेच सांगेन. पण महिन्यातून एकदा अहमदाबादकडे केन्सविल किंवा गुलमोहरला जात असाल तर तिथले राउंडही धरा, नाहीतर घरच्या कोर्सपुरती बॅग बांधून बसाल. इंदूर-महू किंवा पुण्याकडे खेळायला गेलात तर तिथली साडेपाचशे मीटरच्या आसपासची उंची सगळ्याच क्लबना साधारण दोन टक्के जास्त देते, १७५ चे १७८-१७९. गॅप तिथेही तेवढाच राहतो, त्यासाठी वेगळा विचार नको.

## टप्पा ४: क्लबला काम ठरवून द्या

"१७५ जाणारा क्लब" एवढं पुरेसं नाही. तीन प्रश्नांची उत्तरं लिहा, मनात नको, वहीत.

बॉल बहुतेक वेळा कशात पडलेला असेल? टीवर, साफ फेअरवेवर, की रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात)? तिथून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबवायचाय की नुसता पुढे सरकवायचाय? आणि तुमचा नेहमीचा चुकीचा शॉट कुठला, डावीकडे हुक की उजवीकडे स्लाइस?

हायब्रिड: रफमधून आणि बोडक्या, उघड्या मातीवरून सगळ्यात कामाचा. डोकं लहान, सोल गवतातून घसरत निघतो, शाफ्ट वूडपेक्षा आखूड म्हणून बॉल मधोमध लागायची शक्यता जास्त. पावसाळ्यानंतर रफ वाढतो तेव्हा याची किंमत कळते. दोष एकच पण मोठा, बरेच हायब्रिड उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे ओढतात. तुमचा हुक आधीच घरचा असेल तर सांभाळून. आणि हायब्रिड आयर्नसारखा बॉलवर खाली मारायचा असतो, झाडू मारल्यासारखा नाही. तो फसणाऱ्यांपैकी निम्मे इथेच फसतात.

सेव्हन वूड, नाइन वूड: ज्यांना उंची हवी आणि ग्रीनवर बॉल थांबायला हवा त्यांनी आधी हा बघावा. त्याच लॉफ्टच्या हायब्रिडपेक्षा शाफ्ट लांब, डोक्याचा गुरुत्वमध्य खाली-मागे, त्यामुळे बॉल वर जातो आणि उभा उतरतो. ग्रीनवर थांबायला बॉलचा उतरण्याचा कोन ४५ डिग्रीच्या जवळ असला तर बरं, तिशीतल्या कोनात आला की तो ग्रीन ओलांडून मागे जायची भीती जास्त. आपल्याकडे सेव्हन वूडला अजूनही काही लोक "म्हाताऱ्यांचा क्लब" म्हणून नाक मुरडतात, मुरडू द्या, टूरवरचे जोरात मारणारे खेळाडूही तो बॅगेत ठेवतात. अडचण दाट रफची आणि समोरच्या जोरदार वाऱ्याची.

लाँग आयर्न किंवा ड्रायव्हिंग आयर्न: स्विंगमध्ये वेग असेल, टीवरून खाली आणि सरळ बॉल हवा असेल तरच. वरच्या उदाहरणातल्या माणसाने याच्याकडे बघूही नये. दिसतो देखणा, आणि तेवढ्यावरच विकला जातो.

## टप्पा ५: लॉफ्ट निवडा

गॅपच्या मधला आकडा काढा. १५५ आणि १९० च्या मध्ये साधारण १७२. आता ही कॅरी तुम्हाला कुठला लॉफ्ट देईल ते टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगता येतं. हायब्रिडमध्ये साधारण थ्री १९-२०, फोर २२-२३, फाइव्ह २५-२६ डिग्री. वूडमध्ये फाइव्ह १८, सेव्हन २१, नाइन २४ च्या आसपास. एकच लॉफ्ट असला तरी वूड साधारण दीड-दोन इंच लांब असल्याने हायब्रिडच्या पुढे जातो, म्हणजे २१ चा वूड आणि २१ चा हायब्रिड ही एकाच जागेची दोन नावं नाहीत. लोक इथे "चालसे" (चालेल) करून पुढे जातात आणि मग थ्री वूडच्या शेजारी दुसरा थ्री वूड येऊन बसतो.

दोन लॉफ्टमध्ये अडकलात तर जास्त लॉफ्टवाला घ्या. कमी लॉफ्टचा क्लब चांगल्या दिवशीच चांगला चालतो.

इशारा: अॅडजस्टेबल होझल (डोकं आणि शाफ्ट जिथे जुळतात तो भाग) आहे म्हणून कुठलाही घेऊन नंतर फिरवू असं करू नका. त्याने डिग्री-दीड डिग्री मिळते, पण लॉफ्ट वाढवला की फेस डावीकडे बंद होतो, कमी केला की उघडतो. हुकवाल्याने लॉफ्ट वाढवला तर हुक वाढायची पाळी येते.

## टप्पा ६: शाफ्ट

फ्लेक्सचा (शाफ्ट किती लवतो त्याचा) विचार सगळे करतात, वजनाचा कोणी करत नाही, आणि बिघडतं ते वजनाने. ड्रायव्हरचा शाफ्ट ५५ ग्रॅम, आयर्नचा १०५ ग्रॅम स्टील आणि मध्ये हायब्रिडचा ५० ग्रॅमचा असेल तर तो हातात पोकळ लागतो, टायमिंग पुढे पळतं आणि बॉल डावीकडे. वजन लांब क्लबपासून छोट्याकडे वाढत जायला हवं, हायब्रिडचा शाफ्ट वूड आणि आयर्नच्या मध्ये कुठेतरी. आयर्न ग्रॅफाइटचे असतील तर हा प्रश्न बराच सौम्य होतो. आणि जुन्या फेअरवे वूडचा शाफ्ट काढून हायब्रिडमध्ये घालू असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, दोन्हींच्या टोकाची जाडी सहसा वेगळी असते.

## टप्पा ७: टेस्ट, पण शेजाऱ्यांसोबत

डेमो मारायला जाल तेव्हा स्वतःचे तीन क्लब घेऊन जा: गॅपच्या वरचा, खालचा आणि जो काढायचाय तो. दुकानातला नवा क्लब एकटाच मारला तर तो नेहमीच छान वाटतो. एका क्लबने सलग वीस बॉल मारू नका, आलटून पालटून मारा, खेळताना दुसरा बॉल मिळत नाही.

प्रत्येक क्लबसमोर चार गोष्टी लिहा: मधली कॅरी, सगळ्यात आखूड कॅरी, डावी-उजवीकडे किती पसरलं, आणि उतरण्याचा कोन मिळत असेल तर तो. यातली दुसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चांगला बॉल १७४ आणि वाईट १६५ असा क्लब, चांगला १८० आणि वाईट १४० वाल्यापेक्षा कधीही बरा.

इशारा: मॅट खोटं बोलते. बॉलच्या मागे जमिनीला लागलेला क्लब मॅटवरून घसरून बॉलला लागतो आणि आकडा ठीक दिसतो, गवतावर तोच शॉट वीस यार्डांवर मेला असता. डेमो क्लब कोर्सवर न्यायला मिळत असेल तर गवतावरून मारा आणि निदान पाच-सहा बॉल रफमधून.

तपासा: नवा क्लब वरच्या आणि खालच्या दोघांपासूनही निदान १२ यार्ड लांब आहे ना? नसेल तर लॉफ्ट बदला, ब्रँड नाही.

## टप्पा ८: आता भाच्याला मेसेज

बाहेरून मागवताना मेसेजमध्ये हे सगळं हवं: कंपनी आणि मॉडेल, मॉडेलचं वर्ष, डिग्रीतला लॉफ्ट (नंबर दिलात तरी लॉफ्ट लिहाच), उजव्या हाताचा की डाव्या, शाफ्टचं नाव, वजन, फ्लेक्स, लांबी स्टँडर्ड की कमी, ग्रिपचा साइज. डोक्याचा, सोलचा आणि शाफ्टवरच्या स्टिकरचा फोटो मागवा, मग होकार द्या. त्याला हेही सांगा की गोल्फ क्लब विमानात केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्येच टाकावा लागतो आणि बॅग तेवढी लांब हवी. ऐनवेळी एअरपोर्टवर मामाच्या नावाने बोटं मोडली जातात.

ऑनलाइन सेकंडहँड घेत असाल तर फारच स्वस्त दिसणाऱ्यापासून लांब राहा, नकली क्लब बाजारात भरपूर आहेत. सिरियल नंबर कंपनीकडून पडताळा, फेस आणि क्राउनवर (डोक्याच्या वरच्या भागावर) बारीक तडे बघा, डोकं हलवून आत काही खडखडतंय का ऐका.

## टप्पा ९: कोण बाहेर जाणार?

बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. पंधरावा राहून गेला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) जितक्या होलला तो सोबत होता त्या प्रत्येकाला दोन स्ट्रोक पेनल्टी, एका राउंडला जास्तीत जास्त चार. नवीन क्लब आला त्या आठवड्यातच हे होतं, जुना काढायचा राहून जातो आणि कॅडी पहिल्या टीवर मोजायचं विसरतो. मॅचच्या आदल्या रात्री स्वतः मोजा.

काढायचा कोणता, तर ज्याची कॅरी शेजाऱ्याच्या आठ यार्डांच्या आत आहे तो. वरच्या उदाहरणात निर्विवाद फोर आयर्न. पण टीवरून खालचा बॉल मारायला तुम्ही तोच वापरत असाल तर मग थ्री वूडकडे संशयाने बघा.

नवा क्लब बॅगेत आल्यावर टप्पा २ परत, फक्त त्याचा आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांचा. डेमोच्या दिवशीचा आकडा आणि महिन्याभरानंतरचा आकडा वेगळा निघाला तर नवा धरा आणि बॅगेच्या टॅगवर तोच लिहा.

एक राहिलं, उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीत बाहेरच्या ४२ डिग्रीपेक्षा कितीतरी जास्त तापतं, डोकं आणि शाफ्ट जोडणारा इपॉक्सी मऊ पडतो. क्लब हातात फिरवताना होझलपाशी टिकटिक आवाज आला किंवा फेरूल (जोडावरची छोटी रिंग) वर सरकलेली दिसली तर तो क्लब त्या दिवशी मारायचा नाही, आधी जोडून घ्यायचा.